बाइकच्या टाकीचा जुना रंग घरी कसा काढायचा, पत्रा न दुखावता आणि जीव धोक्यात न घालता

टाकी रंगवायची म्हटलं की सगळी चर्चा शेडवर होते, मॅट का ग्लॉस, पट्टे ठेवायचे का नाही, स्टिकर कुठले लावायचे. पण नवीन रंग टिकणार का हे ठरतं त्याच्या कितीतरी आधी, जुना रंग उतरवताना. मी आतापर्यंत स्वतःच्या आणि मित्रांच्या मिळून सात टाक्या सोलल्यात आणि पहिल्या टाकीत केलेली चूक मला नवीन रंग मारून महिना झाल्यावर कळली, ती पुढे सांगतो. लेख लांब आहे पण अर्धा वाचून कामाला लागू नका, कारण पेट्रोलच्या टाकीत काही चुका अशा असतात की त्या दुसऱ्यांदा करायची संधी मिळत नाही.

आधी बघा, सगळा रंग काढायची गरज आहे का

प्रत्येक टाकी पत्र्यापर्यंत सोलायची नसते. कंपनीचा मूळ रंग असेल, नुसते ओरखडे असतील, कुठे पोपडे सुटलेले नसतील तर तो जुना रंग हाच सगळ्यात चांगला बेस आहे, त्याला वॉटर पेपरने नीट घासून त्यावरच पुढचं काम करता येतं आणि मी तेच करा म्हणेन. सगळा रंग काढायचा तो तीन-चार कारणांसाठी. पोपडे सुटतायत किंवा फोड आलेत म्हणजे खाली गंज चालू आहे. एकावर एक चार-पाच रंग मारलेत आणि थर जाड झालाय. आत लांबी (पुट्टी) भरलेली आहे असा संशय आहे. नाहीतर आधी कुठला रंग मारलाय ते माहीतच नाही.

हे शेवटचं तपासायला सोपं आहे. टाकी गाडीवरून उतरवून, पेट्रोल काढून, धुऊन झाली की खालच्या न दिसणाऱ्या भागावर थिनरमध्ये बुडवलेलं पांढरं कापड दोन मिनिटं दाबून ठेवा. कापडाला रंग आला किंवा रंग चिकट झाला तर तो जुना लॅकर (थिनरमध्ये परत विरघळणारा रंग) किंवा नीट न सुकलेला रंग आहे, त्यावर नवीन टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) रंग मारला तर खालचा थर उचलला जाऊन सुरकुत्या पडतील. असा रंग काढलेलाच बरा. कापड कोरडं पांढरं राहिलं तर रंग पक्का आहे.

अजून एक करून बघा, मला ते फार आवडतं. सीटच्या खाली झाकल्या जाणाऱ्या भागात रुपयाच्या नाण्याएवढी जागा घ्या आणि ४०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून गोल गोल घासा, मध्ये जास्त आणि कडेला कमी. झाडाच्या खोडात दिसतात तशी वलयं दिसायला लागतात. वडिलांच्या गाडीच्या टाकीवर वरून काळा, त्याखाली चॉकलेटी, मग राखाडी प्रायमर, मग परत एक काळा, आणि सगळ्यात खाली तो मूळचा गडद मरून, जो मी लहानपणी टाकीवर पुढे बसून बघितला होता. पाच वलयं मोजली तेव्हा कळलं की इथे एका हातात रंग निघणार नाही, आणि मूळ शेड काय होती तेही हाती लागलं. त्या जागेचा दिवसाउजेडी फोटो काढून ठेवा.

टाकी उतरवणे आणि पेट्रोलचा बंदोबस्त

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा (इंजेक्शनवाल्या गाडीत थोडं नंतर, ते पुढे सांगतो). कार्बोरेटरवाली गाडी असेल तर कॉक बंद करून पाइप काढायचा, आणि मग कॉकमधूनच पेट्रोल झाकणाच्या कॅनमध्ये उतरवायचं, रिझर्व्हवर करून शेवटचं पण काढायचं. इंजेक्शनवाली असेल तर लाइनमध्ये प्रेशर असतं, बऱ्याच गाड्यांत साधारण ३ बार, त्यामुळे पाइप तसाच ओढला तर पेट्रोल थेट तोंडावर उडतं. म्हणून बॅटरीची वायर काढायच्या आधी पंपाचा कनेक्टर काढा, इंजिन चालू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, मग बॅटरी, आणि मग कापड गुंडाळून पाइप. हे सगळं उघड्यावर करा, जवळपास सिगरेट, शेगडी, देवापुढचा दिवा, पाण्याचा हीटर काही नको.

आता टाकीवरचं सगळं काढा. कॉक, झाकण, फ्युएल गेज किंवा पंप, बाजूचे रबर पॅड, बॅज, ब्रिदर पाइप. झाकणाच्या रिंगचे काही बोल्ट खोटे असतात, नुसते शोभेचे, ते जोर लावून फिरवू नका. चिकटवलेला बॅज असेल तर मासेमारीची नायलॉनची दोरी त्याच्या मागून करवतीसारखी मागे-पुढे ओढा, बॅज न तुटता सुटतो. सगळे रबर, ओ-रिंग, स्क्रू डबीत घालून डबीवर लिहून ठेवा.

इथे मी मुद्दाम थांबतो. रिकामी टाकी ही भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते. भरलेल्या टाकीत पेट्रोल असतं, रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ आणि हवा यांचं मिश्रण असतं आणि स्फोट होतो तो मिश्रणाचा. हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के पेट्रोलची वाफ असली की एक ठिणगी पुरते. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासच्या थंडीतसुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, म्हणजे "थंड आहे, काय होत नाही" हे इथे चालतच नाही. वर ती वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, उडून जात नाही, टाकीच्या तळाशी आणि कोपऱ्यात बसून राहते. जोडाच्या फटीत आणि गंजाच्या पापुद्र्यात मुरलेलं पेट्रोल तर दोन दिवसांनी पण वाफ सोडत राहतं. वास येत नाही म्हणजे वाफ नाही असं समजू नका, नाक थोड्या वेळाने त्या वासाला सरावतं.

म्हणून टाकी धुवायची. भांडी घासायचं लिक्विड आणि गरम पाणी (उकळतं नाही, हाताला सोसेल असं) अर्धी टाकी भरून, बूच लावून जोरात हलवायची, ओतायची, परत करायची. मी हे निदान चार वेळा करतो. पहिलं एक-दोन वेळचं पाणी गटारात ओतू नका, त्यावर पेट्रोलचा तवंग असतो, ते वेगळ्या कॅनमध्ये साठवा. मग सगळी तोंडं उघडी ठेवून टाकी उलटी-सुलटी करत एक-दोन दिवस वाऱ्यावर ठेवा. आणि इतकं करून सुद्धा पूर्ण कामात एक नियम पाळायचा, टाकीजवळ ठिणगी आणि आग येऊच द्यायची नाही. धुण्यामुळे धोका कमी होतो, संपतो असं नाही.

हीट गनचं पण इथेच सांगून टाकतो कारण व्हिडिओत बरेच जण हीट गनने रंग सोलताना दिसतात. लाकडी दरवाज्यावर ठीक आहे. हीट गनची हवा ५०० अंशांच्या वर जाते आणि पेट्रोलची वाफ ठिणगी नसताना सुद्धा ३०० अंशांच्या आतबाहेर आपणहून पेटू शकते. टाकीवर हीट गन नको, ब्लोटॉर्च तर स्वप्नात पण नको.

टाकी कशाची आहे ते बघा

लोहचुंबक लावा. घट्ट चिकटला तर स्टीलचा पत्रा. अजिबात चिकटला नाही तर ॲल्युमिनियम, प्लास्टिक किंवा फायबर. एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी ढिला चिकटला तर त्या ढिल्या जागी खाली लांबी भरलेली आहे, तिथे खडूने खूण करा. ही खूण नंतर फार कामाला येते.

फायबर आणि प्लास्टिकवर केमिकल लावायचंच नाही, रंगाबरोबर टाकी पण विरघळते किंवा मऊ पडते, तिथे नुसतं ओल्या पेपरने घासायचं. ॲल्युमिनियमवर कॉस्टिक सोडा किंवा सोड्याचं कुठलंही रिमूव्हर लावू नका, कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं आणि हायड्रोजन गॅस सोडतं, म्हणजे दुहेरी संकट. टाकीच्या आत आधी कोणी गळती थांबवायला कोटिंग ओतलं असेल तर तेही लक्षात ठेवा, रिमूव्हर आत गेलं तर ते कोटिंग पापुद्र्यासारखं सुटतं आणि पुढे फिल्टर, कार्बोरेटर सगळं चोंदतं.

रंग काढायच्या आधी पट्ट्यांची आणि स्टिकरची मापं घ्या. फोटो पुरत नाहीत, टाकी गोल असते आणि फोटोत अंतर फसवं दिसतं. ट्रेसिंग पेपर टाकीवर टेपने बसवून पेन्सिलने पट्टा उतरवून घ्या आणि झाकणापासून, खालच्या कडेपासून किती मिलिमीटर ते त्याच कागदावर लिहा.

रिमूव्हर कुठलं घ्यायचं

पेंट रिमूव्हर ढोबळमानाने तीन तऱ्हेचं मिळतं. पहिलं मिथिलिन क्लोराइडचं, याला डायक्लोरोमिथेन पण म्हणतात. हे सगळ्यात वेगवान, पंधरा-वीस मिनिटांत रंग फुगतो. पण सगळ्यात घातकही हेच. त्याची वाफ जड, बंद खोलीत साचते, शरीरात गेल्यावर त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि बंद बाथरूममध्ये हे वापरताना माणसं मेलेली आहेत. अमेरिकेत २०१९ पासून सामान्य ग्राहकाला रंग काढायला म्हणून हे विकायला बंदी आहे, युरोपात त्याच्याही आधीपासून. साधा फिल्टरचा मास्क याला पुरत नाही आणि पातळ नायट्राइल ग्लोव्ह तर हे काही मिनिटांत पार करतं, बाहेरून ग्लोव्ह चांगला दिसतो आणि आत बोटं चुरचुरायला लागतात. म्हणून डबा घ्यायच्या आधी मागचं लेबल वाचा.

दुसरं बेंझिल अल्कोहोलचं. हे हळू चालतं, कधी चार तास तर कधी रात्रभर लागते, पण वास कमी, त्रास कमी आणि घरी करायला मला हेच बरं वाटतं. निम्म्याहून जास्त वेळ आपण काहीच करत नसतो, केमिकल काम करत असतं. तिसरं कॉस्टिकचं, स्टीलवर चालतं पण कातडीला आणि डोळ्याला फार वाईट आणि शेवटी ते पूर्ण धुऊन निघालं का याची खात्री करणं अवघड, त्यामुळे मी टाकीला वापरत नाही.

कुठलंही घेतलं तरी जाड ब्युटाइल रबरचे ग्लोव्ह (मिथिलिन क्लोराइडला मात्र ब्युटाइल पण पुरत नाही, त्याला खास बहुथरी लॅमिनेटचे लागतात), सगळीकडून बंद होणारा गॉगल (नुसता चष्मा नाही, थेंब बाजूने येतो), फुल बाह्यांचा जुना शर्ट आणि बाजूला पाण्याची भरलेली बादली. कातडीवर पडलं तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता आणि पंधरा मिनिटं ओतत राहा. डोळ्यात गेलं तर तसंच पंधरा मिनिटं धुवत राहायचं आणि मग डॉक्टर. डबा उघडताना झाकणावर जाड कापड टाकून हळूहळू सैल करा, उन्हाळ्यात आत प्रेशर झालेलं असतं आणि झाकण उघडताच फवारा उडतो.

प्रत्यक्ष काम

जागा सावलीची आणि वारा खेळणारी हवी. उन्हात रिमूव्हर काम करायच्या आधीच वाळतं आणि फार थंडीत चालतच नाही, १५ ते ३० अंशांच्या मध्ये बरं. खाली जाड प्लास्टिक, त्यावर वर्तमानपत्रांचे चार-पाच थर. गॅलरीच्या टाइल्स, गाडीची सीट, स्कूटरचं प्लास्टिक सगळं लांब ठेवा, एक थेंब पुरतो.

आधी टाकीची सगळी तोंडं बंद करायची. झाकणाच्या जागी बरोबर मापाचं रबरी बूच, कॉकच्या आणि गेजच्या भोकावर रबराचा तुकडा ठेवून जुन्या पत्र्याची पट्टी बोल्टने आवळायची. नुसता मास्किंग टेप लावला तर रिमूव्हर त्याचा गोंद सोडवतं आणि आत जातं, ॲल्युमिनियम फॉइलचा टेप थोडा जास्त टिकतो. क्रोमचे भाग असतील तर त्यांना केमिकलने सहसा काही होत नाही, पण घासपेपर आणि लोखंडी ब्रश त्यांना लागू देऊ नका.

मग ८० नंबरच्या पेपरने सगळीकडे हातानेच ओरखडे पाडा, ओल्याने. रंग काढायचा नाही, नुसती वरची तकाकी मोडायची, म्हणजे रिमूव्हर आत शिरतं. बरेच जण हे टाळतात आणि मग रिमूव्हरला शिव्या देतात.

आता लावायचं कसं. स्वस्तातला मऊ ब्रश घ्या, भरपूर रिमूव्हर उचला आणि एकाच दिशेने, एकदाच, जाडसर थर पसरवा, तीन-चार मिलिमीटर तरी. भिंतीला रंग देताना ब्रश मागे-पुढे फिरवतो तसा इथे फिरवायचा नाही. याला कारण आहे. मिथिलिन क्लोराइड ४० अंशालाच उकळतं, म्हणजे साध्या हवेत पटकन उडून जाईल, म्हणून त्यात मेण मिसळलेलं असतं, ते वर येऊन पातळ साय धरते तशी फिल्म तयार करतं आणि खालचं केमिकल धरून ठेवतं. परत ब्रश फिरवला की ती फिल्म मोडली आणि सगळी ताकद हवेत गेली. बेंझिल अल्कोहोलवाल्याला पण जाड आणि न ढवळलेला थरच लागतो. थर दिला की वरून पातळ प्लास्टिकची शीट अंगासरशी बसवून टाका, बुडबुडे काढा. स्वयंपाकघरात वापरतात ती क्लिंग फिल्म पण चालते. टाकीच्या दोन्ही बाजू एका वेळी करू नका, उभ्या बाजूवरून घसरतं. एक बाजू वर करून टाकी झोपवा, ती पूर्ण करा, मग दुसरी.

मग थांबा. खरंच थांबा. मिथिलिन क्लोराइडवालं असेल तर पंधरा-वीस मिनिटं, बेंझिलवालं असेल तर मी संध्याकाळी लावून सकाळी बघतो. आधी रंगाची तकाकी जाते, मग बारीक सुरकुत्या, मग सुरकुत्यांचे डोंगर होतात आणि मग मध्ये कुठेतरी रंग पत्रा सोडून वर उचलला जातो. कडेला प्लास्टिकची पट्टी सरकवून बघायची, रंग लोण्यासारखा सरकला तर तयार आहे, जोर लावावा लागला तर तयार नाही. जोर लावायचा नाही, शीट परत टाकून अजून वेळ द्यायचा. खरवडायला प्लास्टिकचं स्क्रेपर किंवा जुनं एटीएम कार्ड. लोखंडी पट्टी वापरलीच तर तिचे कोपरे कानसीने गोल करून घ्या, नाहीतर पत्र्यावर चरे पडतात आणि ते चरे शेवटच्या पॉलिशमधून पण डोकावतात. वळणाच्या जागी जाड स्टील वूल चांगलं चालतं, ॲल्युमिनियमच्या टाकीवर मात्र स्टील वूल नको, तिथे नायलॉनचा घासणा.

पहिल्या हातात वरचे एक-दोन थर निघतात. निराश होऊ नका, दुसरा हात द्या, तिसरा द्या. वडिलांच्या टाकीला मला चार हात लागले. सगळ्यात खालचा कंपनीचा प्रायमर फार चिवट असतो, बऱ्याचदा विजेच्या प्रक्रियेने बसवलेला असतो आणि पत्र्याला असा धरून बसतो की तीन हातांनंतर पण राखाडी किंवा काळपट डाग राहतात. त्याच्याशी मारामारी करू नका, तो जिथे घट्ट आहे आणि खाली गंज नाही तिथे त्याला घासपेपरने कडा मिळवून तसाच ठेवला तरी चालतो. पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवलेला पावडरचा रंग) असेल तर वेळ दुप्पट धरा.

जोडाची कड, जिथे माझी पहिली टाकी बिघडली

टाकी उलटी करून बघा. दोन पत्रे दाबून वेल्ड केलेली एक कड सगळीकडून फिरलेली दिसते, त्या दोन पत्र्यांच्या मध्ये केसाएवढी फट असते. रिमूव्हर त्या फटीत शिरतं आणि तिथेच बसतं.

मी पहिली टाकी सोलली तेव्हा वरून अगदी चकचकीत पत्रा काढला, पाण्याने धुतली, पुसली, त्याच दुपारी प्रायमर मारला. रंग सुंदर आला. महिन्याने गाडी धुताना उजव्या बाजूला खालच्या कडेला बोटाला काहीतरी खरखरीत लागलं, बघितलं तर मोहरीएवढे चार फोड, ओळीत. नखाने एक फोडला तर आतून चिकट पिवळसर थेंब आला आणि रिमूव्हरचा तोच वास. पुढच्या दोन आठवड्यांत फोड कडेने अर्ध्या टाकीपर्यंत गेले. पूर्ण रंग परत काढावा लागला. मला त्याचं आजही वाईट वाटतं, कारण ती टाकी मित्राची होती आणि त्याने विश्वासाने दिली होती.

तेव्हापासून मी कडेजवळ दोन बोटं जागा सोडून रिमूव्हर लावतो आणि ती दोन बोटं हाताने, ओल्या पेपरने आणि पितळी ब्रशने काढतो. वेळ लागतो. तरी थोडं आत जातंच, म्हणून शेवटी डब्यावर पाण्याने धुवा लिहिलंय का थिनरने ते बघून त्याप्रमाणे कड आधी त्याने धुवायची, मग साबणाचं गरम पाणी आणि टूथब्रश, मग नुसतं गरम पाणी, असं तीनदा. मग हवेच्या पाइपने फटीतून पाणी उडवायचं (गॉगल घालून) आणि टाकी कड खाली येईल अशी उभी करून टिश्यू पेपरवर ठेवायची. टिश्यूवर चिकट डाग उमटला तर परत धुवायची.

मशीनने काढायचं का

अँगल ग्राइंडरला तारेचा कप लावून पाच मिनिटांत टाकी साफ होते हे खरं आहे. पण तारा ठिणग्या उडवतात, पत्रा तापतो, आणि टाकीचा पत्रा सहसा एक मिलिमीटरच्या आसपासच असतो, एका जागी दोन सेकंद जास्त थांबलं की तो तापून वाकतो आणि ढबढबीत होतो, मग दाबला की टिक टिक वाजतो. ती टिकटिक काढणं हे रंग काढण्यापेक्षा दहापट अवघड काम आहे. मी टाकीवर ग्राइंडर वापरत नाही. हाताने किंवा हवेवर चालणाऱ्या सँडरने १२०, १८० असं चालायचं, तेही टाकी धुतलेली आणि काठोकाठ पाण्याने भरून, म्हणजे आत वाफेला जागाच राहत नाही.

सँडब्लास्टिंगला टाकी द्यायची असेल तर हेच, वाळूचा मारा पातळ पत्र्याला वाकवतो. सोडा ब्लास्टिंग (खायच्या सोड्याच्या पावडरीचा मारा) किंवा प्लास्टिकच्या दाण्यांचं मिळत असेल तर ते सौम्य, फक्त सोड्याचा थर पत्र्यावर राहिला तर रंग धरत नाही, तो धुवावाच लागतो. आणि तोंडं पक्की बंद करूनच द्या, आत गेलेला दाणा महिनोन्महिने निघत राहतो.

धूळ, शिसं आणि कचरा

जुन्या गाड्यांच्या रंगात, विशेषतः पिवळा, नारिंगी आणि भडक लाल, शिसं असू शकतं. काही जुन्या टाक्यांच्या दुरुस्तीत पण शिशाचा डाग (सोल्डर) दिलेला असतो. म्हणून जुन्या टाकीवर कोरडं घासायचंच नाही, ओलं घासायचं, पी-१०० दर्जाचा (अगदी बारीक धूळ अडवणारा) मास्क लावायचा, लहान मुलांना त्या जागेत येऊ द्यायचं नाही, ते कपडे वेगळे धुवायचे आणि हात धुतल्याशिवाय पाणी पण प्यायचं नाही. रंगाचे पोपडे आणि रिमूव्हरचा चिखल झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्यायचा, मोरीत किंवा झाडाच्या बुंध्याशी टाकायचा नाही.

उघडा पत्रा काय सांगतो

रंग गेल्यावर टाकी उजेडात तिरकी धरून बघा. खडूची खूण केलेल्या जागी लांबी अजून असेल. ती रिमूव्हरने मऊ झालेली असते, वरून ठीक दिसली तरी आतून केमिकल प्यायलेली असते, सगळी खरवडून काढा. तिच्याखाली पोचा निघेल, कधी जुन्या वेल्डिंगचा डाग, कधी सुईच्या टोकाएवढी भोकं. टाकी पाण्याने भरून, बाहेरून पूर्ण कोरडी करून वर्तमानपत्रावर एक तास ठेवा, कागदावर ओल आली तर तिथे भोक आहे. कंप्रेसरने हवा भरून तपासू नका, टाकी प्रेशरसाठी बनलेली नसते, फुगते. भोक सापडलं तर वेल्डिंग स्वतः करू नका, इंधनाच्या टाक्यांचं काम करणाऱ्या माणसाकडेच द्या आणि टाकीत पेट्रोल होतं हे त्याला स्पष्ट सांगा.

टाकीच्या आतला गंज काढायचा असेल तर तो आता, नवीन रंगाच्या आधी. गंज काढायचं ॲसिड झाकणातून सांडतंच आणि नव्या रंगावर पडलं तर डाग जात नाही.

उघड्या स्टीलला दमट हवेत दोन-तीन तासांत नारिंगी छटा यायला लागते. बोटाचा ठसा उमटला तर दुसऱ्या दिवशी तिथे गंजाचं बोट दिसतं. म्हणून शेवटच्या धुण्याच्या दिवशी पुढचं सगळं हाताशी ठेवा. कापडाने पुसून लगेच उन्हात कोरडी करा, बारीक खळग्यात गंज असेल तिथे फॉस्फरिक ॲसिडचं मेटल प्रेप लावून, न वाळू देता पाण्याने पूर्ण धुऊन परत कोरडी करा. मग १८० नंबरच्या पेपरने कोरडा एक हात (रंग गेलाय म्हणून इथे कोरडं चालतं, पण शिशाचा डाग असेल ती जागा सोडून), स्वच्छ ग्लोव्ह घालून डीग्रीजरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रावाने) दोन कापडांनी पुसायचं, एक ओलं आणि लगेच मागून एक कोरडं, आणि त्याच दिवशी टू-पॅक (दोन डबे मिसळून मारायचा) इपॉक्सी प्रायमर. या प्रायमरच्या वाफेला पण योग्य मास्क लागतो, कापड बांधून चालत नाही. एच (etch) प्रायमर, म्हणजे ॲसिडने पत्र्याला धरणारा, मारून त्यावर इपॉक्सी मारू नका, दोघांचं बहुतेक वेळा जमत नाही. लांबी भरायची ती इपॉक्सी वाळल्यावर, त्याच्यावर.

प्रायमर मारल्यावर मी टाकी तीन दिवस तशीच ठेवतो, दुपारी उन्हात, रात्री आत. मग उलटी करून जोडाच्या कडेवरून डोळे मिटून बोट फिरवतो, पूर्ण फेरी. कुठे खरखर लागली, कुठे चिकट लागलं तर तेवढी जागा परत उघडी करून धुतो. बोट सगळीकडून सरळ फिरलं की मगच सर्फेसरचा (रंगाच्या आधी पृष्ठभाग सारखा करणाऱ्या थराचा) डबा उघडतो.